सांडव्यावरच्या गोण्या

मारोती, कागदावर तू चोर आहेस.

हे तुला आधी सांगून टाकतो. पंचनाम्यात लिहिलं आहे की तलावाशी कोणताही संबंध नसलेला एक इसम मासे चोरायला सांडव्यावर गेला, त्याने जाळं कापलं आणि पाय घसरून वाहून गेला. पुरावा काय, तर तुझ्या मुठीत सापडलेला जाळ्याचा तुकडा. ती मूठ उघडायला दोन माणसं लागली, हे मात्र लिहिलेलं नाही. त्यातला एक मी होतो. तुझं एकेक बोट सोडवताना मला बाजार आठवत होता. लाज तुझी नाही, माझी वाटायला हवी, हे तेव्हाच ठरलं.

तेरा दिवस मी गावात तोंड उघडलं नाही. लोकांना नवल वाटलं. बैलाच्या एका दाव्यासाठी अख्खा बैलबाजार डोक्यावर घेणारा हा माणूस, दोस्त मेला तरी गप कसा? लोकांना काय कळतं! आमच्या धंद्यात आधी ओरडला तो हरला. माझा राग कुठे गेला नव्हता. खुंट्याला बांधून ठेवला होता आणि रोज सकाळी त्याला चारापाणी करत होतो.

"तलावाशी कोणताही संबंध नसलेला." मारोती, हे वाक्य ज्याने सांगितलं आणि ज्याने लिहून घेतलं, त्या दोघांना मी तुझ्यामागे तलावाच्या मातीच्या पाळीवरून एकदा अनवाणी चालवणार होतो. पण ते पुढे सांगतो. आधी तू.

तुला आठवतं का, आपण पहिल्यांदा भेटलो ते? दुसऱ्याचे बैल हाकत घाटंजी ते मुकुटबन बाजार करणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वावर घ्यायला निघालो होतो. पाळीखालची जमीन स्वस्त होती, कारण ती कोणी घेत नव्हतं. डोक्यावर एवढं पाणी, खाली कोण झोपणार? मी आपला बैल तपासावा तसा तलाव तपासायला आलो. दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी ओढून बघायची. तेव्हा तू, तलावाचा सरकारी चौकीदार, पाळीच्या पायथ्याने हळूहळू चालत होतास, पाय उघडे, डोळे खाली.

"चपला नाई देत का सरकार?" मी विचारलं.

"देते ना. पन चपलेले ओल समजत नाई."

मग तू लोणच्याची एक काचेची बरणी काढलीस. पायथ्याच्या दगडांतून बोटभर धार येत होती, ती तिच्यात धरलीस आणि बरणी उन्हात वर केलीस.

"पाह्य. मातीची पाळ झिरपतेच. झिरपनं म्हंजे रोग नाई. नितळ हाये तोवर भेव नाई. गढूळ आलं, का समजायचं आतून माती चालली. मंग पळायचं."

"कोनं पळायचं?"

"तू. मी कुठं पळू? माही ड्यूटी हाये."

मी माणसाचा कागद तीनदा बघतो, शिक्का उजेडात धरून बघतो. पण ते वावर मी एका बरणीवर घेतलं. नंतर तिथेच घर बांधलं, गोठा बांधला, शेजारचं वावरही घेतलं. लोक म्हणतात दलालाने शून्यातून उभं केलं. केलंच, आणि ते सांगायला मी लाजत नाही. पण त्याच्या पायाखाली तुझे उघडे पाय होते, हे मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. आता सांगतो, तर तू नाहीस.

भांडणं मात्र आपली भरपूर झाली. माझे बैल पाळीवर चरताना दिसले म्हणून तू ते सरळ कोंडवाड्यात घातलेस. मी तुझ्या घरासमोर उभा राहून तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू आत भाकर खात होतास. हात धुऊन बाहेर आलास आणि म्हणालास, "बैलाले काय माहीत पाळ कोनाची. मालकाले माहीत पाह्यजे." खुरांनी माती सुटते, पावसाची धार तिथून वाट करते, हे तू समजावत होतास. मी ऐकत नव्हतो. महिनाभर आपण बोललो नाही. तरी रोज सकाळी मी गोठ्यातून बघायचो. तू चालतोयस का ते बघायचो. पाळीवर उगवलेलं बाभळीचं रोप उपटताना, खेकड्याच्या बिळात चिकणमाती ठोकताना, निसटलेला दगड परत जागेवर बसवताना तू दिसलास की मी निवांत दूध काढायला बसायचो. भांडण भांडणाच्या जागी.

मग तुझ्या जोडीतला एक बैल मेला आणि तुला माझ्याच दावणीला यावं लागलं. मी खूश. म्हटलं, कोंडवाड्याचं उसनं आज फिटणार. आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली घेतात, बोटं दाबतात, सोडतात, परत दाबतात. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. मी मुद्दाम अवाच्या सवा बोटं दाबली. तू घासाघीस करणार, मी तासभर तुला नाचवणार, असा बेत. तू हात बाहेर काढलास आणि भर बाजारात मोठ्याने म्हणालास, "ठीक हाये. तू म्हनतं तोच."

मारोती, असा अपमान माझा कोणी केला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. तुझ्याशी सौदाच करता येत नव्हता. शेवटी मीच शिव्या देत तो बैल मागे घेतला, माझा घरचा बैल तुझ्या हातात दिला आणि भावही खाली आणला. तू हसला पण नाहीस. जाताना म्हणालास, "दलाल, तू बेकार धंदा करतं बाप्पा. असानं पोट कसं भरते तुह्यं?"

आणि हे म्हणे मासेचोर!

गावात कोणाला माहीत नाही? मासे म्हटले की तुझ्या तोंडाला पाणी सुटायचं, पण आपल्या तलावातला मासा तू कधी घरात आणला नाहीस. ज्या पाण्याची राखण करतो त्यातलं खाऊ नये, असा तुझाच काहीतरी कायदा. बाजाराच्या दिवशी घाटंजीहून पिशवीत मासे घ्यायचास आणि पाळीवरून घरी न्यायचास. मी वावरातून ओरडायचो, "पाहा रे! तलावाचा चौकीदार बाजारातून मच्छी आनते!" तू पिशवी उंच धरून दाखवायचास. इकडे तलावात मासे उड्या मारतायत आणि तिकडे तू विकतचे घेऊन चाललायस.

तू निवृत्त झालास तेव्हा तुझ्या जागी दुसरा कोणी आलाच नाही. जागा रिकामीच राहिली. तू चालत राहिलास. मी विचारलं, "आता कोन पगार देते तुले?" तू म्हणालास, "पायाले सवय पडली." एवढाच तुझा तलावाशी संबंध. कागदावर तो कुठे लिहिणार?

आता गोण्यांचं बोलतो. हे टाळत आलोय, ते तुझ्याही लक्षात आलं असेल.

मागच्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. हरभऱ्याला दोन पाणी मिळतील की नाही अशी स्थिती. देवळाच्या ओट्यावर सगळे कास्तकार बसले होते. मीच उठलो. म्हटलं, सांडव्यावर मुरमाच्या गोण्या रचू. हातभर उंच केलं तर तेवढं पाणी वाहून जायचं थांबेल, सगळ्यांचा हरभरा निघेल. पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष तिथेच होता, त्याने मान हलवली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तुझ्या नावाशेजारी ते नको.

तू एकटा उभा राहिलास. "सांडवा म्हंजे तलावाचं नाक हाये. नाक दाबून कोनी जास्त श्वास घेते का?"

मी म्हटलं, "मारोती, पावसाळा गेला. आता कोन्तं पानी येते नाक दाबाले?"

ओटा हसला. हसवलं की सौदा अर्धा होतो, हे मला पक्कं माहीत. मग उरलेला अर्धा मी केला. "मृगाच्या आधी एकूनएक गोनी काढून देतो. माही जबान."

तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. "तुही जबान हाये म्हून," एवढंच बोललास आणि बसलास.

गोण्या मी भरल्या. खताच्या रिकाम्या गोण्या माझ्या, मुरूम माझ्या वावरातला, ट्रॅक्टर माझा. दोन थर स्वतः उभा राहून रचून घेतले. वरून येणारं उरलंसुरलं पाणी अडून हातभर चढलं. हरभरा असा आला की गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. लोक मला रस्त्यात थांबवून हात जोडत होते. मी तुला म्हटलं, "पाह्यलं?" तू म्हणालास, "मृग पाहू."

मृग आला. विसरलो असतो तर बरं झालं असतं, मारोती. मी विसरलो नव्हतो. पेरणीआधीचे बाजार म्हणजे आमची सुगी. आज घाटंजी, उद्या दुसरा गाव. बैल उभा आहे, गिऱ्हाईक उभं आहे, गोण्या काय पळून जातायत? तू घरी आलास. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तू परत आलास. तोवर प्रकरण वेगळंच झालं होतं. मासेमारीचा ठेका अध्यक्षाच्या साळ्याच्या नावावर, म्हणजे अध्यक्षाचाच. सांडव्यावरून मासे वाहून जातात म्हणून त्याने माझ्याच गोण्यांत बांबू रोवले, त्यांना तारेने जाळं बांधलं. जाळ्यात पालापाचोळा अडकणार, काड्या अडकणार, गोण्यांनी बुजलेलं नाक वरून फडक्याने बांधल्यासारखं होणार, हे तू मला माझ्या ओट्यावर बसून सांगत होतास. अध्यक्ष तुला म्हणाला होता, नेट काढलं तर मच्छी जाईल, नुकसान कोण भरून देणार?

आणि मी काय म्हणालो? "आता थो वाद त्याचा अन् तुहा. मी मंधात कायले पडू?"

तू माझ्या पायातल्या चपलांकडे बघितलंस. आणि उठून गेलास.

तू पाटबंधारे कार्यालयात अर्ज दिलास. उत्तर आलं की आपण सेवेत नसल्याने तक्रार संस्थेमार्फत करावी. संस्थेचा अध्यक्ष कोण, हे तुला मी वेगळं सांगायला नको. चोराला चोराच्या घरी तक्रार द्यायला लावली. आणि आज कागदावर चोर कोण आहे, बघ.

तो दिवस. तीन दिवस धरून लागलेला पाऊस सकाळी जरा थांबला होता. पोळ्याच्या आधीचा बाजार. मुकुटबनचं एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, माझा उजवा हात त्याच्या हातात, वर रुमाल. फोन वाजला. डाव्या हाताने घेतला.

"दलाल, बरनीत पानी गढूळ आलं."

"किती?"

"चहावानी. तलाव काठोकाठ हाये. नेट पाल्यानं बुजलं. गोन्या काढा लागते आताच्या आता."

"सौदा होऊन राह्यला मारोती. अर्ध्या घंट्यात निंघतो. मी येईलोग हात नको लावजो."

तू म्हणालास, "पानी सौद्यासाठी थांबत नाई, दलाल." आणि फोन ठेवलास.

सौदा झाला. चांगला झाला. तो बैल आज मुकुटबनला कोणाच्या तरी दारात रवंथ करत असेल. मला त्या बैलाचाही राग येतो.

तुझाही येतो. थांबला असतास तर काय झालं असतं? मी दोर आणला असता, चार माणसं आणली असती, तुझ्या कमरेला दोर बांधून काठावर उभा राहिलो असतो. हे मी दिवसातून दहादा तुला ऐकवतो आणि दहादा तूच जिंकतोस, कारण मी अर्ध्या घंट्यात निघालोच नाही. सौदा झाल्यावर चहा झाला. आमच्यात सौद्यानंतर गिऱ्हाइकाला चहा पाजायची रीत आहे. तू सांडव्यावर बांबू धरून जाळं कापत होतास तेव्हा मी चहात साखर कमी आहे म्हणून हॉटेलवाल्याला झापत होतो.

तू जाळं उभं कापलंस. वरच्या गोण्या ओढल्यास. एकदा तोंड फुटल्यावर उरलेल्या सगळ्या गोण्या एकदम गेल्या आणि त्यांच्याबरोबर तूही. नाल्याच्या दुसऱ्या वळणावर बाभळीच्या मुळांत सापडलास. तलावाचं पाणी दुपारपर्यंत उतरलं. संध्याकाळी मी पायथ्याशी गेलो, ओंजळ धरली. नितळ. माझ्या वावरात गुडघाभर पाणी येऊन गेलं, पण पाळ उभी राहिली. माझं घर उभं, माझे बैल उभे, खालची सगळी वस्ती जागच्या जागी. जे लोक त्या दिवशी वाचले, त्यांतलेच काही दुसऱ्या दिवशी म्हणत होते, "पन जाळं कायले कापलं असन त्यानं?"

आणि त्याच संध्याकाळी अध्यक्षाची माणसं सांडव्यावर उरलेले बांबू काढून घेऊन गेली. जिथे गोण्यांची भिंत होती तिथे काहीच नव्हतं. राहिला फक्त तुझ्या मुठीतला तुकडा. तो तुझ्याकडे बोट दाखवत होता.

पार्वतावहिनींनी माझ्यासमोर बरणी ठेवली. तू ओट्यावर ठेवून गेला होतास तीच. वर पाणी निवळलं होतं, तळाशी बोटभर लाल माती बसली होती.

"तुमाले फोन करून आले अन् विळा घेतला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, भाऊजी येऊन राह्यले ना, मंग थांबा. तं म्हने, पान्याले कोन सांगन थांबाले." मग बरणी उचलून म्हणाल्या, "हे पानी फेकू का?"

"नका फेकू, वहिनी."

"मले मदत-गिदत नाई भेटली तरी चालन भाऊजी. थो चोर तेवढा पुसून द्या. मी चक्कीवर गेली का बाया बोलता बोलता गप होतात."

वहिनींनी माझ्यावर काही आरोप केला नाही. केला असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं.

म्हणून तेरा दिवस गप होतो. पण बसलो नव्हतो. दोन मजूर घेऊन रोज सकाळी नाल्यात उतरायचो, वळण सोडून वळण, बाभूळ सोडून बाभूळ. काय शोधतो कोणाला सांगितलं नाही. तुला माहीत आहे माझी खोड. रिकामी गोणीसुद्धा कोणी उचलू नये म्हणून प्रत्येकीवर लाल रंगाने "वा" लिहितो. वासुदेवचा वा. तू किती हसायचास! "गोनीवर नाव घालतं, आता बैलाच्या शेनावर बी घाल." बावीस गोण्या सापडल्या. फाटक्या, चिखलाने भरलेल्या, पण "वा" दिसतो. आणि एक सापडली, मारोती, तिच्यात अजून बांबूचा खुंट अडकलेला होता. त्याला तार. तारेला जाळं. मी तिथेच चिखलात बसलो. माझा चिकटपणा तुझ्या कामाला आला.

दहाव्या दिवशी अध्यक्ष माझ्या गोठ्यात आला होता. हसत हसत खांद्यावरचा दुपट्टा काढून हातावर टाकला. "वासुदेवराव, तुमच्याच भाषेत बोलतो."

मी हात दिला.

"गोण्या कोणी रचल्या हे सगळ्या गावाले माहीत आहे. मी बोललो का कुठं? नाही बोललो. तुम्हीही नका बोलू. बोलाल तर पहिलं नाव तुमचंच निघते. बाईले अपघाताची मदत मी मिळवून देतो. चोरीचं म्हणाल तर लोक विसरतात हो, दोन महिने."

आणि खाली त्याने बोटं दाबली. काय दाबली ते सांगत नाही, बाजाराचा नियम आहे. पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हे सांगतो: मी हात लगेच काढला नाही. बोटं दाबली की माझं डोकं आपोआप वजन करायला लागतं. एक श्वासभर मी वजन केलं. मग म्हटलं, "विचार करून सांगतो."

तो खूश होऊन गेला. त्याला वाटलं सौदा अर्धा झाला. ज्याला कापायचं असतं त्यालाच मी "विचार करून सांगतो" म्हणतो, हे त्याने बाजारात कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

त्याचं गणित बरोबर होतं. जाळ्याखाली भिंत होती हे ठामपणे सांगू शकेल असा एकच माणूस, ती रचणारा. आणि तो स्वतःच्या गळ्यात फास घालून घेईल एवढा भाव कोण देतं? अध्यक्षाने मला पारखलं. तोंडात बोट घालून दात न मोजता पारखलं. तिथे तो फसला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्याचे मोठे साहेब पाळीची पाहणी करायला आले. सोबत कारकून आणि पंचनामा लिहिणारे जमादार. पाळीवर टेबल मांडलं होतं. सगळं गाव होतं, वहिनी मागे उभ्या होत्या. पंचनाम्यातलं ते वाक्य सांगणारा अध्यक्ष खुर्चीवर. मी ट्रॅक्टरमधून बावीस गोण्या उतरवल्या आणि टेबलासमोर टाकल्या. वर बरणी ठेवली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"लिवा साहेब. सांडव्यावर गोन्या म्या रचल्या."

कारकुनाचा पेन थांबला.

"मृगाच्या आधी काढाचं कबूल केलतं. नाई काढल्या. हे दुसरं. अन् माह्याच गोन्यात हे बांबू कोनं रोवले, हे जाळं कोनाचं, थे या खुर्चीवाल्याले विचारा. हे तिसरं. मारोती मासे चोराले नोता गेला. तुमचं नाक मोकळं कराले गेलता."

अध्यक्ष उभा राहिला. "वासुदेवराव, डोकं ठिकाणावर आहे का? आपलं बोलणं झालं होतं."

"काय झालतं? सांगा ना साहेबाईले. मोठ्यानं सांगा. दुपट्टा हाये तुमच्या खांद्यावर, माहा रुमाल घरी राह्यला."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मग कोणी हसलं नाही. साहेबांनी बरणी उचलली, नकळत हलवली. तळची माती वर आली आणि सगळं पाणी चहासारखं झालं. त्यांनी ती पटकन खाली ठेवली. साहेब होते, पण तेवढं त्यांना कळत होतं.

"यात तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल," ते म्हणाले.

"झालाच पाह्यजे. पन आधी थ्या चोर शब्दावर रेघ मारा."

"अशी लगेच नाही मारता येत. पुरवणी जबाब होईल, चौकशी होईल."

"करा. एका बैलापाशी मी दिवसदिवस उभा राह्यलेला मानूस हो. मले घाई नाई. अन् साहेब, पाहनी कराले आले ना? मंग जोडे काढा. मारोती असाच पाहे."

साहेबांनी बूट काढले, हे तुला आवडलं असतं. पायथ्याच्या गोट्यांवरून कण्हत कण्हत चालले. अध्यक्षाला आणि जमादारालाही काढावे लागले, साहेब चालतायत म्हटल्यावर काय करतात? अध्यक्षाला दहा पावलांत काटा लागला. मी काढून दिला नाही.

जबाब लिहून झाला. सही केली. गोणीवर काढतो तसाच "वा" काढला. वहिनी जाताना जवळ आल्या. मला वाटलं, काहीतरी बरं बोलतील.

"आता तुमच्या घरची चक्कीवर गेली का बाया गप होतीन," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. बरणी घेऊन गेल्या.

बरोबर आहे. त्यांनी मला माफ केलं नाही, मी मागणार नाही, आणि तू तर देऊच शकत नाहीस. त्याने माझं काम सोपं होतं. माफी मिळालेला माणूस ढिला पडतो.

पुरवणी जबाब वर गेला आहे. तुझ्या नावापुढचा शब्द अजून तिथेच आहे, पण आता त्याच्याखाली माझा जबाब आहे, बावीस गोण्या आहेत, आणि आरोपी म्हणून दोन नावं आहेत. सकाळी मी पाळीवर जातो. अजून पाय कच्चे आहेत, शिव्या देत चालतो. एक बाभळीचं रोप होतं, उपटलं. पायथ्याशी नवी बरणी धरून आलो आत्ताच. नितळ आहे.

तारीख लागली की अध्यक्ष आणि मी एका ओळीत उभे राहू. लोक म्हणतात, दलाला, तू स्वतःला कशाला गोवलंस? मारोती, एवढी चांगली जागा मला कोणी फुकट दिली असती का? अगदी त्याच्या खांद्याला खांदा. तो तारखा वाढवेल, मी येत राहीन. तो आजारी पडेल, मी वाट बघेन. तुझ्या नावापुढच्या त्या शब्दावर रेघ मारली जाईपर्यंत मी त्या माणसाला शेजारून हलू देणार नाही. तोही त्या ओळीतून सुटणार नाही, मीही नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. गुन्हा दाखल होईल असं साहेब म्हणाले ना, तेव्हा मी घासाघीस केली नाही. त्यांनी सांगितला तो पहिलाच भाव कबूल केला. भर गावात, मोठ्याने.